सभासद उपस्थित : एक

गेली दीड वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चिटणीसबाई आपल्या चर्चच्या मंडळीची मासिक सभा एकट्याने भरवीत आल्या होत्या. आधी उपासना व्हायची. म्हणजे गीतं त्याच म्हणायच्या, शास्त्रातला उतारा त्याच वाचायच्या आणि ‘आमेन’ही त्याच म्हणायच्या. मग पहिल्या बाकावरून उठून पुढच्या टेबलाशी बसायच्या, चष्मा पुसायच्या, नोंदवही उघडायच्या आणि लिहायच्या : ‘सभासद उपस्थित : एक.’

पाववाल्या काकू नव्वदी ओलांडून गेल्या, तेव्हापासून हा आकडा हलला नव्हता. त्याआधी निदान दोघी होत्या. काकूंना ऐकू येत नसे, पण हात वर करायची वेळ आली की त्या बरोबर करत.

आता या बाप्टिस्ट मंडळीचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. तिथे वरून हुकूम करणारं कोणी नसतं. पाळक, म्हणजे पाद्री, ठेवायचा की नाही, पाण्यात बुडवून कोणाला बाप्तिस्मा द्यायचा, छपरावर कौलं घालायची की पत्रा, सगळं सभासदांनी मिळून ठरवायचं. आणि या मंडळीच्या नियमावलीतला नववा नियम होता : ठराव एका सभासदाने मांडावा, दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावं, अनुमोदन न मिळाल्यास ठराव पडला. चिटणीसबाईंना नियम म्हणजे नियम. पस्तीस वर्षं टपालकचेरीत काढलेली बाई. चर्चमधला डाव्या बाजूचा दिवा गेला, तेव्हा त्यांनी सभेत रीतसर ठराव मांडला की नवा दिवा बसवावा. अनुमोदन कोण देणार? ठराव पडला. पुढच्या महिन्यात पुन्हा मांडला, पुन्हा पडला. सात वेळा पडला. दुसरी कोणी असती तर स्टुलावर चढून मोकळी झाली असती. त्या मात्र आपलं बाक सोडून उजव्या बाजूच्या बाकावर बसू लागल्या.

संघाच्या कचेरीतून पत्र आलं ते अशा परिस्थितीत. संघ म्हणजे त्या भागातल्या सगळ्या बाप्टिस्ट मंडळ्यांचा मिळून. मोठ्या गोड भाषेत लिहिलं होतं की, आपल्या मंडळीला पुढल्या वर्षी शंभर वर्षं होत आहेत, तरी दोन पानी इतिहास लिहून पाठवावा. आणि सोबत, परिस्थिती पाहता, मंडळी बंद करण्याचा ठराव रीतसर संमत करून पाठवावा.

चिटणीसबाईंनी संघाच्या कार्यवाहांना फोन लावला. “ठराव मांडते मी. अनुमोदन कोणाचं घेऊ?”

“अहो बाई, घ्या की कोणाचीही सही. कोण बघतंय?”

“कोणाचीही म्हणजे? मंडळी आहे ही, बसचा थांबा नाही.”

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. चिटणीसबाईंनी फोन ठेवला आणि इतिहासाच्या कामाला लागल्या, कारण ते एकट्या माणसाला करता येण्यासारखं होतं.

पाच नोंदवह्या होत्या. पहिलीची पानं हात लावला की कडेने चुरायची. सात जणांनी कडाक्याच्या थंडीत ओढ्यात बाप्तिस्मा घेतला आणि एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात मंडळी स्थापन केली, असं तिच्यात लिहिलं होतं. सातांपैकी तिघांना पडसं झालं, हेही लिहिलं होतं. तेरा वर्षांनी दगडी इमारत उभी राहिली. ओढ्यावरची थंडी नको म्हणून आत, पुढच्या लाकडी जमिनीखाली, बाप्तिस्म्यासाठी हौद बांधला. तो भरायला पंपापासून माणसांची रांग लावून बादल्या हातोहात द्याव्या लागत. एक पाळक त्यात पाय घसरून स्वतःच बुडून निघाले होते. मग बाजाच्या पेटीवरून तीन वर्षं भांडण जुंपलं. पेटी नको म्हणणारे अकरा जण रागारागाने निघून गेले आणि पुलापलीकडे त्यांनी आपली वेगळी मंडळी काढली. ती यांच्याआधी बंद पडली, याचं चिटणीसबाईंना अजूनही आतल्या आत बरं वाटायचं. देवाकडे त्याबद्दल क्षमाही मागून झाली होती, पण बरं वाटायचं ते वाटायचंच.

नावं कमी केल्याच्या नोंदीही होत्या. एखाद्याचं वागणं मंडळीला शोभत नसेल, तर ठराव करून त्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी करायचं. एकाने लंगडा घोडा धडधाकट म्हणून विकला होता. एकाने सासूला भर बाजारात नको ते म्हटलं होतं. त्याने महिन्याभरात माफी मागितली आणि त्याला परत घेतलं. शंभर वर्षांत चौदा नावं कमी झाली, दहा परत आली. बाई एकेक नोंद वाचून हसत होत्या, कागदावर टिपत होत्या. दिवस बरे चालले होते. किती तरी महिन्यांनी घरात कोणी तरी आहेसं वाटत होतं.

चौथ्या वहीत त्यांचं स्वतःचं अक्षर सुरू झालं. आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचा हात थांबला.

‘ठराव तिसरा. आपली एक सभासद भगिनी शहरातील सिनेमागृहात रविवारीही नोकरी करीत असून उपासनेस चार महिने गैरहजर आहे, सबब तिचे नाव कमी करण्यात यावे. मांडणार : मंडळीचे सेवक. अनुमोदन :’ आणि पुढे काहीच नाही. मोकळी जागा. तिच्याखाली : ‘ठराव मंजूर. तसे पत्र पाठवावे.’

ती भगिनी म्हणजे चिटणीसबाईंची सख्खी धाकटी बहीण. ठराव मांडणारे सेवक, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे, ते दोघींचे वडील.

बाई बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिल्या. त्यांच्या वहीत मोकळी जागा? इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की त्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले. आता एकेक गोष्ट वर येऊ लागली. बाबा उभे राहिले होते. ठराव मांडला होता. “अनुमोदन?” असं त्यांनी विचारलं, आणि अठरा माणसांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. बाबांनी पुन्हा विचारलं. मग ते खाली बसले आणि म्हणाले, “पुढचा विषय, छप्पर.”

ठराव पडला होता. मग ‘मंजूर’ कसं आलं?

ते आलं, कारण चिटणीसबाई तेव्हाही व्यवस्थित होत्या. सभेत घाईने लिहिलं की अक्षर बिघडतं, म्हणून त्या शनिवारीच इतिवृत्त सुवाच्य लिहून ठेवायच्या. अनुमोदकाच्या नावापुरती जागा सोडायच्या. त्या मंडळीत कधी ठराव पडलाच नव्हता, तेव्हा अडचण यायची नाही. पुढच्या महिन्यात मागचं इतिवृत्त कोणी वाचायचंही नाही. आधीचा चिटणीस फार लांबण लावायचा, त्याला कंटाळून ‘वाचले असे समजून कायम’ म्हणायची पद्धत पडली होती. आणि पत्र? बाबांनी शनिवारी सांगितलं होतं, “पत्र तयार ठेव.” तेही तयार होतं. सोमवारी इतर चार पाकिटांबरोबर गेलं. त्यावरचा शिक्का बाईंनीच मारला होता.

धाकटी एकेचाळीस वर्षांत घरी आली नव्हती. बाबा नऊ वर्षं वाट पाहून गेले. चर्चमध्ये आपल्या शेजारची जागा ते कोणाला बसायला देत नसत. “तिला यायचं असेल तर येईल,” म्हणायचे, “दार कोणी लावलंय?” बाईंना तेव्हा वाटायचं, म्हातारा देवाच्या दाराबद्दल बोलतोय. तो आपला साध्या दाराबद्दल बोलत होता. पत्र गेल्याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. एक विचार मात्र मनात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली : धाकटी जर कधी गेलीच नसेल, तर मंडळीत सभासद दोन आहेत.

मावसभावाकडून पत्ता मिळाला. कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात ओल्या वाफेचा वास होता. धाकटीने दार उघडलं. केस पांढरे, गळ्यात मापाची फीत. सिनेमागृह कधीच बंद झालं होतं, आता ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. यंत्राखाली अर्धा शिवलेला निळा पडदा लोंबत होता.

“ताई?” ती म्हणाली. मग, “कोण गेलं?”

“कोणी नाही. जायला राहिलंय कोण?”

“मग कशाला आलीस?”

बाईंनी उभ्यानेच सांगितलं : दोन पानी इतिहास, घोडेवाल्यापासूनच्या नोंदी, ती मोकळी जागा आणि तरीही गेलेलं पत्र. वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरायला झाली. धाकटी ऐकता ऐकता यंत्राजवळच्या खुर्चीवर बसली.

“कोणीच अनुमोदन दिलं नाही?”

“कोणीच नाही.”

“गिरणीवाल्यानेही नाही? त्याने तर मला रस्त्यात ऐकवलं होतं.”

“नाही.”

“शाळेच्या बाई? त्यांना तर सिनेमा म्हणजे पाप.”

“त्या खाली बघत बसल्या होत्या.”

“पाववाल्या काकू?”

“नाही गं. कोणीही नाही. फाटकवाला नाही, त्याची बायको नाही. सगळे गप्प बसले.”

धाकटीने एकेक नाव घेतलं. अठराही माणसं तिला पाठ होती. प्रत्येक नावापाशी ती थांबायची, आणि बाई ‘नाही’ म्हणायच्या. त्यातले सगळे आता जमिनीखाली होते. शेवटी तिने विचारलं, “आणि बाबा?”

“बाबांनी मांडला. सेवक होते, मांडावाच लागला असेल. पण पडला तेव्हा ते बसले ना, तर कसं सांगू... ओझं उतरवून बसावं तसे बसले.”

धाकटीने पडद्याची कड बोटाने सरळ केली, पुन्हा पुन्हा केली. “बाबांच्या मातीला आले होते मी,” ती म्हणाली. “फाटकाबाहेर उभी होते. तुझ्या पत्रात लिहिलं होतं ना, मंडळीच्या कोणत्याही कार्यक्रमात भाग घेऊ नये. मी नाही घेतला.”

फाटकापाशी झाडाखाली कोणी बाई उभी होती हे चिटणीसबाईंना आठवत होतं. रस्त्याने जाणारी कोणी असेल, असं वाटलं होतं.

“येत्या रविवारी सभा आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “त्या नोंदीची दुरुस्ती करायची. आणि मंडळी बंद करायचा ठराव आहे. तू सभासद आहेस. तू आलीस तर—”

“म्हणजे तुला अनुमोदक हवा म्हणून आलीस.”

धाकटीने दार उघडून धरलं. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “जिना उतरताना सांभाळ. तिसरी पायरी हलते.”

रविवारी चिटणीसबाई दोन गीतं म्हणाल्या. तिसरंही म्हणाल्या, वेळ काढायला. दुपार कलली. मग टेबलाशी बसल्या, वही उघडली, ‘सभासद उपस्थित’ एवढं लिहिलं आणि थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं आधी लिहायचा धीर होईना.

दार करकरलं. धाकटी आत आली आणि अगदी मागच्या बाकावर बसली. अंगावर चांगला कोट, मांडीवर पिशवी, जणू दवाखान्यात नंबर लावून बसली आहे.

“पुढे ये ना.”

“इथून ऐकू येतं.”

बाईंनी ‘दोन’ लिहिलं. तो शब्द लिहिताना त्यांना इतका आनंद झाला की अक्षर हललं. त्यांनी तो तसाच ठेवला.

“विषय पहिला, जुन्या नोंदीची दुरुस्ती. मी मांडते.” त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला. “‘सदर ठरावास अनुमोदन मिळाले नव्हते. तो पडला होता. तथापि चिटणीसाच्या अनवधानाने तो मंजूर असा नोंदला जाऊन पत्र पाठवण्यात आले. सदर भगिनी आजतागायत सभासद आहे.’ अनुमोदन?”

मागून काही आलं नाही. चर्चमध्ये एरवीही शांतता असायची, पण तिला बाई सरावल्या होत्या. ही वेगळी होती.

“अनवधानाने?” धाकटी म्हणाली.

“म्हणजे, इतिवृत्त आधीच लिहिलेलं होतं. आणि पाकीटही—”

“ते सांगितलंस तू. टपालाचं काम करणारी बाई तू, ताई. कोणाचं पाकीट कोणाच्या खणात कधी चुकून टाकलंस? पस्तीस वर्षांत?”

“नाही.”

“मग?”

चिटणीसबाईंनी कागद खाली ठेवला. उजवीकडचा दिवा जळत होता, त्याच्या उजेडात त्यांचे हात म्हातारे दिसत होते. खोटं बोलायला त्या जागी जीभ वळेना. आणि खरं तर त्यांनाही ते पुरतं आठवायचं नव्हतं.

“सोमवारी सकाळी पाकीट हातात होतं,” त्या म्हणाल्या. “मला माहीत होतं ठराव पडलाय. मी ते बाजूला ठेवलंही होतं. तू गेलीस ना शहरात, तेव्हा म्हणाली होतीस, ताई आहे की बाबांजवळ. मला कोणी विचारलं नव्हतं. तू दर शनिवारी यायचीस, हसायचीस, सिनेमातल्या गोष्टी सांगायचीस, आणि बाबा तुझ्याकडे बघत बसायचे. सभेत तर अख्ख्या मंडळीने तुझ्यासाठी तोंड शिवून घेतलं. मला वाटलं, माझ्यासाठी कोणी इतकं गप्प बसलं असतं का? आणि मी शिक्का मारला.” त्या थांबल्या. “वाटलं होतं, चिडून महिन्याभरात येशील. भांडशील. मग सांगेन. तू आलीच नाहीस. मग सांगायचं राहून गेलं, आणि मग मी स्वतःलाच सांगितलं की सगळ्यांनी हात वर केले होते.”

धाकटी मागच्या बाकावर जराशी पुढे सरकली.

“‘अनवधानाने’ खोड,” ती म्हणाली. “‘जाणूनबुजून’ लिही. आणि त्या दोन पानी इतिहासातही तसंच लिही. घोडेवाला आहे ना त्यात? मग हेही असू दे.”

बाईंनी खोडलं. लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

“अनुमोदन,” धाकटी म्हणाली.

“विषय दुसरा. मंडळी बंद करण्यात यावी. मी मांडते.”

“थांब.” धाकटी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होती. “हे बंद झालं की आपण दोघी कोण?”

“बहिणी.”

“त्या तर तेव्हाही होतो.”

बाईंनी पेन वहीच्या कडेला ठेवलं.

“आणि मी तुला माफ केलं असं कुठे लिहू नकोस,” धाकटी म्हणाली. “तसा ठराव आलेला नाही.”

“मांडू?”

धाकटीने मान हलवली. नाही. आज नाही. खिडकीतून रस्त्याकडे पाहत ती म्हणाली, “सभा तहकूब करता येते ना? मधेच?”

“येते. नियम चौदावा. पण ते कोणी तरी मांडावं लागतं. आणि तारीख द्यावी लागते.”

“मी मांडते. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार.”

धाकटी पुढे टेबलाकडे बघत होती, कशाची तरी वाट पाहत. चिटणीसबाईंना क्षणभर कळेना कशाची. आणि मग कळलं. दीड वर्षं त्या नुसतं मांडत आल्या होत्या. आज दुसऱ्याने मांडलं होतं, आणि अनुमोदन द्यायला साऱ्या मंडळीत त्या एकट्याच होत्या.

“अनुमोदन,” त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बाकावरून धाकटीने विचारलं, “काय?”

“अनुमोदन!” चिटणीसबाई ओरडल्या, आणि उघड्या वहीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागल्या.

धाकटी उठून पुढे आली नाही. पण गेलीही नाही. शहराकडची शेवटची बस फाटकावरून गेली, ती दोघींनीही ऐकली.